मैदान आहे तिथंच

"बाई, माझ्यासमोर माझ्या सहकारी शिक्षिकेला नावं ठेवायची नाहीत. मला चालत नाय ते."

स्टाफरूममध्ये मी स्वतःला म्हैस म्हटलं की शेजारच्या खुर्चीतून हे वाक्य यायचंच. आवाज गंभीर, चेहरा गंभीर, फक्त भुवया किंचित वर गेलेल्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, हे कुणाबद्दल बोलताहेत म्हणून मी मागे वळून बघितलं होतं. मागे कपाट होतं. कुणाच्या तरी मुलाच्या बारशाचे पेढे आले होते. मी एक खाल्ला, दुसरा उचलला आणि उचलता उचलता "खा म्हशी, खा" असं पुटपुटले. ते शेजारच्या सरांच्या कानावर गेलं होतं.

ते आमच्या शाळेचे पीटी सर. तुमच्याही शाळेत एक असतील. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, हातात छडी आणि नजर कुठं कोण चुकतंय यावर. आमच्या सरांकडे शिट्टी आणि टोपी होती. छडी नव्हती. आणि पोट होतं. चांगलं मोठं, शर्टाच्या खालच्या दोन बटणांना कायम कामाला लावणारं. शिवाय डावा पाय किंचित ओढत चालायचे. नव्याने आलेला प्रत्येक पालक त्यांच्याकडे बघून एकदा तरी हसायचा. सरांना ते कळायचं. "पोट बघून मुलं घाबरत नाहीत," ते म्हणायचे. "हा माझा मोठा फायदा हाय. सडपातळ पीटी सर बघितला की अर्ध्या वर्गाच्या पोटात दुखायला लागतं."

शाळा रत्नागिरी शहराच्या अगदी कडेला, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. मैदान म्हणजे सडा साफ करून वर लाल माती पसरलेली. एका बाजूला फणसाचं झाड, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी. सरांचा तास असला की त्या टाकीमागे कोण लपलंय हे ते आधी जाऊन बघायचे. शोधून काढायला नव्हे, सोबत करायला. एकदा सातवीतला एक जाडसर मुलगा तिथं सापडला. मी वरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत उभी होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"काय खेळतोस?"

"काही नाही, सर."

"बरं. मग आपण काही नाही खेळूया."

दोघे टाकीला टेकून बसले. थोड्या वेळाने सरांनी एक रिकामा डबा दगडावर ठेवला आणि खडे मारायला सुरुवात केली. एकही लागेना. मुलाला राहवेना. त्याने एक खडा मारला आणि डबा उडाला. तास संपेपर्यंत तो मुलगा डबा उचलून आणायला किती वेळा धावला असेल, हे त्याच्याही लक्षात आलं नसेल.

दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाने मस्तीखोर पोराला "जा, मैदानाला फेऱ्या मार" असं फर्मावलं की सर अस्वस्थ व्हायचे. मुख्याध्यापकांशीही एकदा त्यावरून त्यांची जुंपली होती. "सर, धावणं शिक्षा म्हणून दिलंत की पोराला ती जन्मभर शिक्षाच वाटते," ते म्हणाले होते. "त्यापेक्षा त्याला निबंध लिहायला लावा." मराठीच्या बाईंना ते अजिबात आवडलं नव्हतं.

माझं आणि त्यांचं खरं मैत्र जमलं ते माझ्या रक्तातल्या साखरेमुळे. रिपोर्ट हातात आला त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "चाला, वेळेवर जेवा, ताण कमी करा, वजनावर थोडं लक्ष ठेवा." मी फक्त शेवटचं ऐकलं. लग्नात हार घालताना सासरचं कुणीतरी "मुलगी जरा भरलेली आहे" म्हणालं होतं, तेव्हापासून ते एकच वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले होते. घरी वजनकाटा आणला. सकाळी उठल्याबरोबर त्याच्यावर उभी राहायची. काटा खाली असला तर दिवस चांगला, वर असला तर नवऱ्याला चहासुद्धा धड मिळायचा नाही. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास धरले. देवाला काय वाटत असेल कोण जाणे. डब्यात काकडी आणि ताक. मग संध्याकाळी घरी पोचलं की पर्स खांद्यावर तशीच ठेवून, ओट्यापाशी उभ्या उभ्या फरसाणाची अख्खी पुडी संपायची. आणि त्यानंतर आरशासमोर जे काही मी स्वतःला बोलायची, ते इथं लिहीत नाही.

सरांनी मला उपदेश केला नाही. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्या काकडीकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही शेवटचं बसून कधी जेवलात?"

मला आठवेना.

"उद्या डबा आणा. डबा म्हणजे डबा. पोळी, भाजी, आमटी, थोडा भात. आणि इथं बसून खा. मी समोर बसतो."

"आणि वजन?"

"त्याला घरी ठेवून या. ते कुठं पळत नाय."

डबा सुरू झाला. मग शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेनं चालणं सुरू झालं. पहिल्या दिवशी एक फेरी झाली आणि मी फणसाखाली बसले. "झालं आजचं," सर म्हणाले. मला वाटलं चिडवताहेत. पण ते खरंच स्टाफरूमकडे वळले होते. त्यांच्या चालण्यात हिशोब नव्हता. पाय दुखला की थांबायचं, गप्पा रंगल्या की आणखी एक फेरी. पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं की वऱ्हांड्यात चालायचो. मुलं हसायची. पुढं पुढं त्यातली काही मागून चालायला लागली.

गणपतीत माझं सगळं मोडलं. घरी पाहुणे, मोदक, जागरणं. शाळा उघडल्यावर मी मैदानाकडे फिरकलेच नाही. दोन-तीन दिवसांनी सरांनी हटकलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. "सर, सगळं वाया गेलं. एवढे महिने चालले आणि आठवड्यात पाणी फिरवलं. माझ्यात काही दमच नाही."

ते खिडकीपाशी गेले. बाहेर बघितलं.

"काय वाया गेलं? मैदान आहे तिथंच आहे."

मग ते माझ्याकडे वळले.

"तुमची भाची गणपतीत मोदक खाऊन तुमच्याकडे रडत आली असती, तर तिला काय म्हणाला असतात? म्हशी म्हणाला असतात?"

"काहीतरीच काय सर!"

"मग चला."

त्या दिवशी आम्ही अर्धीच फेरी मारली असेल. पण त्यानंतर खंड पडला की मला रडू आलं नाही. खंड पडायचाच. लग्नं, परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. पुन्हा सुरू व्हायचं. पुढच्या तपासणीत साखर बरीच आटोक्यात आली. वजन मात्र जवळजवळ तेवढंच. मी हिरमुसले. सरांनी विचारलं, "प्रयोगशाळेचा जिना चढताना काय होतं हल्ली?" तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मधल्या टप्प्यावर थांबून मुलांच्या वह्या बघण्याचं नाटक मी कधीचं सोडून दिलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती त्या मुलीची आहे.

नववीत होती. शाळेपासून थोड्या अंतरावरच्या बौद्धवाडीतली. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील मुंबईला एका इमारतीत वॉचमन, शिमग्याला आणि मे महिन्यात घरी येणारे. मुलगी कबड्डीत अशी होती, की ती चढाईला निघाली की वर्गात शिकवणारे शिक्षक खडू हातात धरून खिडकीशी यायचे. मध्यरेषा ओलांडताना ती हसायची. समोरच्या मुली त्या हसण्यालाच बिचकायच्या.

त्या वर्षीची निवड महत्त्वाची होती. पुढच्या फेरीपर्यंत गेली असती तर पुण्याकडच्या एका क्रीडा वसतिगृहात तिची सोय होण्याची शक्यता होती. राहणं, जेवण, शिक्षण, खेळ. तिच्या आईने ते वसतिगृह कधी बघितलं नव्हतं, पण त्याच्याबद्दल ती असं बोलायची जणू मुलीची खाट तिथं मांडूनच आलीय.

पण त्याच वर्षी मुलगी वाढली. उंची वाढली, खांदे भरले. आणि त्या गटाला वजनाची मर्यादा होती.

"वाढतेयस गो, चांगलं हाय," सर तिला म्हणाले. "वाढायचंच वय हाय. नाय बसलीस या गटात तर वरच्या गटात खेळू."

वरच्या गटात म्हणजे कॉलेजच्या मुलींबरोबर. म्हणजे यंदा नाही. ती मान हलवून गेली. सरांना वाटलं, समजली.

स्पर्धा लांज्याला होत्या. मुलींबरोबर शिक्षिका हवी म्हणून मी गेले. आदल्या संध्याकाळी पोचलो, तिथल्याच एका शाळेत मुक्काम केला. सकाळी वजनं व्हायची होती. मी तोंड धुवायला मागच्या नळावर गेले, तर इमारतीच्या मागे ती एकटीच धावत होती. ऑक्टोबरातल्या उकाड्यात अंगात दोन स्वेटर. ओठ पांढरे पडलेले. मला बघून थांबली, वाकली आणि जमिनीवर थुंकली. पुन्हा थुंकली.

"काय करतेयस गो?"

"थुंकलं की पण थोडं कमी होतं, बाई." तिचा आवाज घोगरा झाला होता. "कालपासून पाणी नाही प्यायले. आता थोडंच राहिलंय."

मी सरांना बोलावून आणलं. ते पाय ओढत शक्य तेवढ्या घाईनं आले. तिला काहीच बोलले नाहीत. मागच्या पायरीवर बसले आणि शेजारी हात थोपटला. ती बसली.

"जेवलीस कधी?"

"परवा."

"आणि त्याच्या आधी?"

तिने स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत खाली ओढल्या.

सरांनी आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. मग बोलायला लागले. ते माझ्याशी इतकी वर्षं बोलले होते, पण ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती.

"तेव्हा मी तुझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेन. मुंबईला चुलत्याकडं राहायचो. एका कंपनीच्या संघात निवड होती. निवड झाली की नोकरी. मलाही असंच थोडं कमी करायचं होतं. जेवण बंद, पाणी बंद, अंगावर घोंगडं घेऊन धावलो. वजन बरोबर भरलं बघ. सगळ्यांनी पाठ थोपटली. काटा माझ्यावर खूश होता." ते थांबले. "दुसऱ्या डावात चढाईला गेलो. वळायचं होतं. डोकं म्हणालं वळ, पाय म्हणाला नाय. पोटरीत गोळा आला, जागेवर बसलो, आणि वरून तिघं पडले. गुडघ्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो."

मुलगी त्यांच्या पायाकडे बघत होती.

"माझं तसं नाही होणार, सर. माझं फक्त थोडं राहिलंय."

"आज तू खेळणार नायस, बाय."

तिला पहिल्यांदा कळलंच नाही. मग ती ताडकन उठली, तोल गेला, मी धरलं.

"सर, नको ना. मी करते कमी. होईल, सर!"

"माझा निर्णय हाय. तुझी चूक नाय यात काही. राग माझ्यावर काढ."

तिने काढला. आवाज फुटत नव्हता, तरी ओरडली. "तुम्ही माझं वाटोळं केलंत! तुमचं नाही झालं म्हणून माझंही होऊ देत नाही तुम्ही!"

सर उठले, आत गेले आणि तिचं नाव काढून घेतलं. येताना एका तांब्यात लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी घेऊन आले. तिने तोंड फिरवलं. मग मी तांब्या घेतला आणि तिला घोट घोट पाजलं. पिताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला एवढंच वाटलं, चला, रडायला पुरेल इतकं तरी अंगात आहे.

आमचा संघ दुसऱ्याच सामन्यात हरला. परत येताना हातखंब्याला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा सगळ्या मुली उतरल्या, ती उतरली नाही. सरही उतरले नाहीत. ते पुढच्या सीटवर, ती शेवटच्या सीटवर, मधली सगळी गाडी रिकामी.

दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. स्टाफरूमच्या दारात उभी राहूनच बोलली. "सर, तुमच्यावर पोरगी सोडली होती. होस्टेल गेलं तिचं. आता काय करू मी?" सर उभे राहिले. हात जोडलेले. "होय, ताई," एवढंच म्हणत राहिले. बोलून बोलून ती थकली तेव्हा मी तिला बाहेर वऱ्हांड्यात नेलं. तिथं ती रडली आणि मग हळूच म्हणाली, "बाई, तिची पाळी पण दोन महिने आली नाय. मला वाटलं खेळाच्या दगदगीनं. ताट पुढं ठेवलं की म्हणायची शाळेत खाल्लं. शाळेत काय म्हणत होती?"

शाळेत ती म्हणायची, घरून खाऊन आलेय.

मी तिला माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. अशक्तपणा होता, रक्त कमी होतं. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "काही महिने लागतील. वेळेवर खायला हवं, बाकी शरीर आपलं आपण सावरतं."

पण खायला लावणार कसं? ती सरांशी बोलत नव्हती. त्यांच्या तासाला यायची आणि मैदानाच्या टोकाला उभी राहायची. कबड्डीचं मैदान आखलं की वर्गात निघून जायची. सरांनी तिला एकदाही हाक मारली नाही. मला ते विचित्र वाटलं. "समजावा ना तिला," मी म्हटलं.

"काय समजावू? ती भुकेशी भांडतेय. त्यात मी आणखी एक माणूस भांडायला कशाला जाऊ?"

त्यांनी एक केलं. मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा खायचं सोडलं. फणसाखाली सतरंजी घालून बसायला लागले. मीही गेले. मग कबड्डीच्या दोन-तीन मुली आल्या. वाटावाटी सुरू झाली. कुणाचं भाकरी-पिठलं, कुणाची तळलेली बांगड्याची तुकडी, कुणाचा नुसता लोणचं-भात. सर कुणालाही "खा" म्हणायचे नाहीत, "पुरे" तर नाहीच. "वा, आज काय हाय" एवढंच म्हणायचे. दिवाळी होऊन गेली. थंडी पडली. सतरंजी रोज पडत होती आणि ती रोज लांबून बघून जात होती.

त्याच दिवसांत एकदा चालताना सर थांबले. सूर्य समुद्राच्या बाजूला उतरला होता. "बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी मी तिला थांबवलं ते तिच्यासाठी, का माझ्या गुडघ्यासाठी?"

"तिच्यासाठीच, सर."

"तुम्हाला तसं वाटणारच. तुम्ही माझ्या बाजूच्या." थोडं चालून म्हणाले, "ती म्हणाली ना, तुमचं नाही झालं म्हणून. ते अगदीच खोटं नसेल. पण तरीही मी तसंच करीन."

स्वतःबद्दल एवढं अवघड बोलतानाही ते स्वतःला शिव्या देत नव्हते. हे मला तेव्हा फार नवं वाटलं होतं.

जानेवारीतली गोष्ट असावी. आम्ही नुकतेच डबे उघडले होते. ती आली. सतरंजीच्या कोपऱ्यावर, आमच्याकडे पाठ करून बसली. डबा उघडला. सगळ्या मुली गप्प झाल्या. सरांनी त्यांच्याकडे एक नजर टाकली, तशा लगेच परीक्षेबद्दल मोठमोठ्याने बोलायला लागल्या. सरांच्या घरून त्या दिवशी सुकटीची चटणी आली होती. त्यांनी ती वाटी मुलींच्या हातांतून तिच्यापर्यंत सरकवली. ती थोडा वेळ वाटीकडे बघत राहिली. मग भाकरीचा तुकडा बुडवला.

बऱ्याच वेळाने सरांनी, कुणाकडेही न बघता विचारलं, "कशी झालीय?"

पाठमोरीच ती म्हणाली, "मीठ जास्त झालंय."

"सांगतो घरी."

तीनेक महिन्यांत ती त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. सरांनी तोंडात घास तसाच धरला होता.

तुम्हाला वाटेल, पुढं ती मोठी खेळाडू झाली. तसं काही झालं नाही. वसतिगृह गेलं ते गेलंच. दहावी झाली, रत्नागिरीतच कॉलेजला गेली, कॉलेजच्या संघातून खेळली. चांगली खेळली, पण वर्तमानपत्रात फोटो येईल असं काही नाही. आता नर्सिंग करते आणि सुट्टीला आली की वाडीतल्या मुलींना कबड्डी शिकवते. एकदा बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं, सरांवरचा राग गेला का? ती हसली. मध्यरेषेवरचं तेच हसणं. "ते बरोबर होते ते कळतं, बाई. शिकतेय ना आता, जास्तच कळतं. पण राग थोडा आहे अजून."

मी ते सरांना सांगितलं. "असूं दे," ते म्हणाले. "राग असला की भूक बरी लागते."

सर निवृत्त झाले आणि लांज्याच्या आतल्या बाजूला त्यांच्या गावी गेले. भाऊ मुंबईला, जमीन पडीक होती ती लावायला घेतली. फोन करायचे. "आज चाललात?" असं कधी विचारलं नाही. "आज सडा कसा दिसतोय?" असं विचारायचे. सांगायचं तर बाहेर जावंच लागायचं.

दुसऱ्या पावसाळ्यात, लावणी संपल्यावर, त्यांना ताप आला. चिखलातून होणारा तो लेप्टोचा ताप आपल्याकडे दरवर्षी कुणा ना कुणाला धरतो. त्यांनी दोन दिवस अंगावर काढला. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

मी गेले तेव्हा घरापुढच्या खळ्यात माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, "वजन पण होतं ना त्यांचं." आणि दोघा-तिघांनी माना हलवल्या. ताप चिखलाचा होता, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ती मुलगीही आली होती. ती त्या माणसांकडे वळून म्हणाली, "लेप्टो वजन बघून होत नाही, काका. लवकर दाखवायला हवं होतं." शांतपणे, नर्सच्या आवाजात. मग आत जाऊन सरांच्या बायकोजवळ बसली आणि सगळे जाईपर्यंत तिथून हलली नाही.

परवा, भाताला कणसं धरायच्या दिवसांत, मी पुन्हा त्यांच्या गावी गेले होते. सरांच्या मागे घरात वहिनी एकट्याच होत्या. त्यांनी घावन घातले, नारळाचा रस केला, आणि आम्ही पडवीत बसून सावकाश खाल्लं. गुडघे धरलेत म्हणाल्या, शेताच्या बांधावर चढवत नाही.

"डॉक्टरांनी पाय उचलायचा व्यायाम सांगितलाय. ह्यांना करताना बघितलाय ना मी, रोज सकाळी, ह्याच खुर्चीत. पण ते मोजायचे नायत. जाखडी नाचातलं गाणं म्हणायचे. गाणं संपलं की व्यायाम संपला."

"मग तुम्हीही म्हणा की."

"म्हणते ना. पण मला दोनच कडवी येतात, बाई. पुढचं त्यांनाच येत होतं." त्या हसल्या आणि पदराने तोंड पुसलं. "दोन कडव्यांत गुडघा काय सुटायचा!"

"मग काय करता?"

"तीच परत म्हणते."

त्यांनी खुर्ची भिंतीपासून थोडी पुढे ओढली, साडी घोट्याच्या वर सावरली आणि एक पाय हळूहळू समोर उचलला. गाणं अगदी बारीक आवाजात सुरू झालं. मीही बाकावर सरकून बसले आणि पाय उचलला. दुसरं कडवं संपलं. वहिनींनी श्वास घेतला, पाय बदलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.